व्हेंटिलेटर किती, हा प्रश्न उशिराचा आहे

साथीची बातमी आली की नागपुरात एक ठरलेला कार्यक्रम होतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे मेडिकलमध्ये, किती खाटा राखून ठेवल्या, मेयो रुग्णालयात किती व्हेंटिलेटर आहेत, त्यातले चालू किती, यावर चार दिवस छापून येतं. मग पाहणी दौरा, मग आढावा बैठक. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीचं नाव घरोघरी पोचलं, शहरात संशयित रुग्णांच्या बातम्या झळकल्या, तेव्हाही याहून वेगळं काही घडलं नाही. एचएमपीव्ही २००१ पासून माहीत असलेला श्वसनाचा विषाणू आहे, हेही बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं.

नवजात बाळाच्या विषाणूजन्य न्यूमोनियापुरतं बोलायचं तर ही सगळी मोजदाद चुकीच्या टोकाला होते. तान्ह्यांच्या छातीत सर्वांत जास्त वेळा उतरणारा विषाणू म्हणजे आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस). २०१९ या वर्षाचा जागतिक अंदाज असा, की पाच वर्षांखालची सुमारे १ लाख १ हजार ४०० मुलं त्याने दगावली. त्यांतले रुग्णालयात झालेले मृत्यू होते सुमारे २६ हजार ३००. म्हणजे चारातली तीन मुलं वॉर्डाबाहेर गेली: घरी, रस्त्यात, नाहीतर जिथे ऑक्सिजन नव्हता अशा कुठल्यातरी दवाखान्याच्या बाकावर. एकूण मृत्यूंपैकी सुमारे ४५ हजार ७०० बाळं सहा महिन्यांच्या आतली होती आणि ९७ टक्के मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. अशा आजारात नवा व्हेंटिलेटर आणून वाचणारी बाळं थोडी. आधी त्यांचा श्वास कुणीतरी नीट मोजला आणि वाटेत ऑक्सिजन मिळाला, तर वाचणारी कितीतरी जास्त.

कारण सरळ आहे. या न्यूमोनियाला बहुतेक वेळा औषधच नाही. आरएसव्ही, एचएमपीव्ही, पॅराइन्फ्लुएन्झा, ऱ्हायनोव्हायरस यांतल्या कशावरही रोजच्या वापरातलं खात्रीचं विषाणूविरोधी औषध उपलब्ध नाही. बाळाचं शरीर विषाणूला आवरेपर्यंत ऑक्सिजन, दूध आणि ऊब पुरवत राहायची, एवढाच उपचार. त्यामुळे वेळ हातची गेली की मोठ्या रुग्णालयाकडेही तिची भरपाई करणारं काही उरत नाही. अपवाद दोन. फ्लू असेल तर ओसेल्टामिव्हिर, दर किलोला ३ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. दुसरा अपवाद नागीण गटातल्या हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फुप्फुसं, यकृत असं सगळंच एकदम बिघडत चाललं आणि प्रतिजैविकांना दाद मिळेना, तर हर्पिसची शंका घेऊन अॅसायक्लोव्हिर लगेच सुरू करावं लागतं: दर किलोला २० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी शिरेतून, पसरलेल्या आजारात २१ दिवस. आईला पूर्वी कधी काही झाल्याचं आठवत नसलं तरी ही शंका सोडायची नसते.

मोठ्या मुलाचा न्यूमोनिया घर डोक्यावर घेतो. ताप, खोकला, रडारड. नवजाताचा न्यूमोनिया गुपचूप येतो. ताप बहुतेकदा नसतोच, उलट अंग गार पडतं. खोकला नसतो किंवा एखाद-दुसरी शिंक. आईला दिसतं ते एवढंच, की कालपर्यंत ओढून पिणारं लेकरू आज दोन घोट घेऊन सोडून देतं आणि झोपून राहतं. महिन्या-दीड महिन्याच्या आत, त्यातही दिवसांआधी जन्मलेल्या बाळात, आरएसव्हीचं पहिलंच लक्षण श्वास थांबणं हे असू शकतं. वीस सेकंद श्वास नाही, ओठ निळे, आणि तोवर घरात कुणाला आजाराची कल्पनाही नसते. याचं एक कारण शरीराच्या मापातच आहे. या वयाचं बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, म्हणून शेंबडाने चोंदलेलं नाक हीच त्याची अर्धी धाप. आत बारीक श्वासनलिका सुजतात, आणि नळीची रुंदी निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही तर जवळपास सोळा पट होतो. बरगड्या मऊ असतात, जोर लावला की छातीच आत खेचली जाते. थोड्या तासांत बाळ दमतं. दमलं की श्वास मंदावतो, आणि घरच्यांना वाटतं की आता बरं वाटतंय. ही चूक घातक ठरते.

म्हणून मोजणं. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक भरले तर पुन्हा एकदा मोजायचे. दुसऱ्यांदाही ६० किंवा अधिक भरले तर बाळ त्याच दिवशी रुग्णालयात गेलं पाहिजे. छातीचा खालचा भाग खोल आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, प्रत्येक उच्छ्वासाला कण्हल्याचा आवाज येत असेल, तर दुसऱ्या मोजणीचीही वाट पाहायची नाही. मोजायची पद्धत सोपी आहे, पण बारकावे सोडले की आकडा खोटा निघतो. बाळ शांत हवं, रडत किंवा पीत असताना मोजलेलं धरायचं नाही. झबलं वर करून पोट उघडं ठेवायचं, उजेड पुरेसा हवा. पोट वर आलं की एक. पूर्ण साठ सेकंद मोजायचं. तीस सेकंद मोजून दुप्पट करायची सवय इथे चालत नाही, कारण नवजाताचा श्वास निरोगी असतानाही पाच-दहा सेकंद थबकतो आणि मग भराभर चालतो. अर्ध्या मिनिटात नुसता थबकलेला भाग सापडला तर आजारी बाळ निरोगी ठरतं.

हे ज्ञान बाहेरून आणायची गरज नाही. नागपूरच्याच मेडिकलमधून शिकलेल्या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी इथून पावणेदोनशे किलोमीटरवर, गडचिरोलीत, 'सर्च' या आपल्या संस्थेच्या कामातून ते उभं केलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या सुईणींना श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी केलेलं साधन पाहा: एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी, दोन महिन्यांखालच्या बाळासाठी एक आणि मोठ्या मुलासाठी दुसरी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया. साठापर्यंत आकडे येण्याची गरजच नाही, दहापर्यंत आले की भागलं. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिल्यावर त्या भागात न्यूमोनियाचे बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी दिसले. हा निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाला. पुढे घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले आणि २०११ पासून त्याच धर्तीवर देशभर आशांच्या गृहभेटी सुरू झाल्या. रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

गडचिरोलीतलं औषध प्रतिजैविक होतं, जिवाणूंवर चालणारं, हे खरं. विषाणूपुढे त्याचा उपयोग नाही. पण ओळखण्याची रीत दोन्हींत एकच आहे. बदलतं ते ओळखल्यावर हातात काय द्यायचं एवढंच. तिथे गोळी होती, इथे ऑक्सिजन. आपली व्यवस्था अडते ती नेमकी इथे.

आशाच्या पिशवीत वजनकाटा असतो, थर्मामीटर असतो, घड्याळ असतं. कोविडात अनेकींना ऑक्सिमीटरही मिळाले, पण ते मोठ्या माणसाच्या बोटाला लावायचे चिमटे. नवजाताच्या बोटावर ते बसत नाहीत, पायाच्या अंगठ्यावर लावले तर सैल राहतात, आणि सैल चिमटा बाहेरचा उजेड वाचून भलताच आकडा दाखवतो, कधी ९८, कधी ७०. बाळासाठी पट्टीचा प्रोब लागतो, तळपायाला किंवा तळहाताला गुंडाळायचा, प्रकाश सोडणारा भाग आणि तो टिपणारा भाग बरोबर समोरासमोर. आधी पाय चोळून गरम करायचा, गार पायावर नाडीच सापडत नाही. पडद्यावरची लहर एकसारखी होईपर्यंत थांबायचं, नाडीचा आकडा स्टेथोस्कोपने मोजलेल्या ठोक्यांशी जुळतो का ते पाहायचं, मग ऑक्सिजनचा आकडा वाचायचा. ९० च्या खाली असेल तर ऑक्सिजन लगेच. ९० ते ९४ मध्ये असेल आणि बाळ नीट पीत नसेल, तरी ते घरी ठेवायचं नाही. यात एक विदर्भी खाच आहे. बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटलेली असेल तर रक्तात कार्बन मोनॉक्साईड चढतो, आणि साधा ऑक्सिमीटर त्यालाच ऑक्सिजन समजून छान आकडा दाखवतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास घसरला की शेगडी हटणार नाही हे मान्य, पण मग ती खोलीबाहेर पेटवून निखाऱ्यावर कपडे गरम करून आणावेत. ओवा-वेखंडाची धुरी मात्र पूर्ण बंद. सुजलेल्या श्वासनलिकेला धुराने फक्त त्रास होतो.

ऑक्सिजनचं गणित तर लाज वाटावी इतकं स्वस्त आहे. नवजाताला नाकातल्या नळीने मिनिटाला अर्धा ते एक लिटर पुरतो. बी-टाइप छोट्या सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर असतो, म्हणजे मिनिटाला एक लिटर दिला तरी पंचवीस तास. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर प्राथमिक आरोग्य केंद्रांत हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे कॉन्सन्ट्रेटरही पोचले. पाच लिटरच्या एका यंत्रावर फ्लो-स्प्लिटर (प्रवाह वाटून देणारा जोड) लावून चार बाळं सहज चालतात. अडतं ते फुटकळ वस्तूंपाशी. नवजाताच्या मापाच्या नेझल प्रॉन्ग, म्हणजे नाकात बसवायच्या नळ्या, नसतात, मोठ्यांच्या असतात. नाकपुडीच्या निम्म्या रुंदीची नळी हवी; घट्ट बसली तर नाकाची त्वचा सोलते, फार मोठी असेल तर बसतच नाही. फ्लोमीटर अर्ध्या लिटरवर स्थिर राहत नाही. वीज वरखाली होते आणि स्टॅबिलायझर नसतो. शिवाय कॉन्सन्ट्रेटर कपाटात ठेवून टिकत नाही: आतला झिओलाइट (हवेतला नायट्रोजन अडवणारे दाणे) हवेतली ओल शोषतो आणि वर्षा-दोन वर्षांनी यंत्र सुरू केलं तर आवाज येतो, बुडबुडे येतात, पण बाहेर पडणारी हवा ९० टक्क्यांऐवजी साठ-सत्तर टक्के ऑक्सिजनची. म्हणून महिन्यातून एकदा काही तास चालवायचं, जाळी धुवायची, आणि तालुक्याला एक का होईना ऑक्सिजन अॅनालायझर ठेवून आकडा तपासायचा. यंत्रखरेदीचे आकडे जाहीर होतात, प्रॉन्गच्या खरेदीचं पत्रक कुणी काढत नाही.

मग रस्ता. मेडिकल, मेयो, डागा स्त्री रुग्णालय आणि मिहानमधलं एम्स यांच्यावर एकट्या नागपूर जिल्ह्याचा भार नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, पलीकडून छिंदवाडा, शिवनी, बालाघाट इथूनही बाळं येतात. तीन-चार तासांच्या प्रवासात बाळ गार पडलं तर त्याची ऑक्सिजनची गरज आणखी वाढते. निघताना टोपी-मोजे घालून आईच्या छातीला कातडीला कातडी लावून बांधायचं, वरून पांघरूण. पिऊ शकत असेल तर निघण्याआधी पाजायचं, अंगावर ओढता येत नसेल पण गिळता येत असेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने, रक्तातली साखर उतरू नये म्हणून. श्वास सत्तरच्या वर असेल तर तोंडाने काही नाही, दूध छातीत जाण्याचा धोका. केंद्रावरून प्रतिजैविकाचा पहिला डोस द्यायचा, कारण एवढ्या लहान बाळात जिवाणू की विषाणू हे दाराशी उभं राहून ठरवता येत नाही. आणि पुढच्या रुग्णालयाला फोन. तो न करता पाठवलेलं बाळ एका दारातून दुसऱ्या दारात फिरतं, हे नागपूरला नवं नाही.

वॉर्डात पोचल्यावरही पहिला पर्याय व्हेंटिलेटर नाही. नळीने दिलेला ऑक्सिजन पुरेना तर बबल सीपॅप: नाकातून दाबाने हवा, आणि उच्छ्वासाच्या नळीचं टोक पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवलेलं, तेवढाच दाब फुप्फुसं उघडी ठेवतो. बुडबुडे थांबले तर गळती आहे, बहुधा बाळाचं तोंड उघडं पडलंय. नळीत साठलेलं पाणी बाटलीत उतरत राहिलं तर पातळी वाढते आणि दाबही नकळत चढतो. हे पाहायला दर तासाला नर्सचे डोळे लागतात. व्हेंटिलेटरला ते आणखी जास्त लागतात, नाहीतर नळीतूनच नवा न्यूमोनिया शिरतो. नर्सचे डोळे नसताना यंत्रं किती महाग पडतात, हे शेजारच्या भंडाऱ्याने ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे पाहिलं आहे. नवजात कक्षाच्या त्या आगीत दहा बाळं गेली. व्हेंटिलेटर नकोत असा याचा अर्थ नाही. श्वास वारंवार थांबणाऱ्या बाळाला दुसरा इलाज नसतो. पण आधीच्या पायऱ्या भक्कम असतील तर त्याच्यापर्यंत येणारी बाळं मोजकी राहतात.

काय देऊ नये, हे थोडक्यात. वाफारा, दम्याची फवारणी, स्टिरॉइड यांनी या वयाच्या विषाणूजन्य छातीला फायदा होत नाही. रक्ताचं कल्चर (जिवाणू वाढतात का याची तपासणी) ४८ तासांत कोरं आलं आणि पीसीआरमध्ये विषाणू सापडला, बाळही सावरत असेल, तर प्रतिजैविक थांबवायला हवं. आपल्याकडे ते सात दिवस 'कोर्स पूर्ण' म्हणून चालतं आणि पुढच्या बाळासाठी औषध बोथट होतं. खोकल्याच्या सिरपबद्दल नागपूरला तरी वेगळं सांगायला नको. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची वीसहून अधिक मुलं डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपने मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, त्यांतली अनेक याच शहरातल्या खाटांवर. दोन वर्षांखाली असं सिरप द्यायचंच नाही, असं केंद्राने तेव्हा पुन्हा बजावलं. मेळघाटात धाप लागलेल्या, पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर चटक्याचे डाग देण्याची 'डंभा' ही प्रथा आजही थांबलेली नाही. त्यावर गुन्हे दाखल होतात, ठीक आहे. पण त्याच गावात तळपायाला लावायचा प्रोब आणि चालू ऑक्सिजन किती वाजता मिळाला असता, ही नोंद कुठल्याच पंचनाम्यात नसते.

आता लस. इथे मात्र आपण खरोखर मागे पडतोय. आरएसव्हीपासून बाळाला वाचवायचे दोन मार्ग २०२३ पर्यंत जगात मंजूर झाले: गरोदर बाईला एक डोस, किंवा जन्मल्यावर बाळाला निर्सेविमॅब या तयार प्रतिपिंडाचं एक इंजेक्शन, पाच किलोच्या आत ५० मिलिग्रॅम, त्याहून जड असेल तर १००. स्पेनच्या गॅलिसियात २०२३-२४ च्या हंगामात निर्सेविमॅब सरसकट दिल्यावर आरएसव्हीमुळे दाखल होणारी बाळं ८० टक्क्यांहून अधिक घटली. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सर्व देशांना दोन्हींपैकी एक मार्ग घ्यायला सांगितलं. आपल्या सार्वत्रिक लसीकरणात यांतलं काहीच नाही. किंमत हे त्याचं उत्तर दिलं जातं, आणि ते खोटं नाही. सगळ्यांना आजच द्या म्हणणं सोपं आहे. पण सुरुवात कुठून करायची हे विज्ञानच सांगतं. आईला दिलेल्या लसीचे प्रतिपिंड बाळात उतरायला किमान दोन आठवडे लागतात, म्हणून जे बाळ सातव्या-आठव्या महिन्यातच जन्मतं त्याला आईच्या लसीचा फायदा फारसा पोचत नाही. धोका मात्र त्यालाच सर्वांत जास्त. ही बाळं हुडकायची नाहीत, ती सरकारी नवजात कक्षात वजन वाढेपर्यंत पडूनच असतात. घरी सोडताना त्यांच्या मांडीत एक इंजेक्शन, एवढ्यापासून महाराष्ट्राला सुरुवात करता येईल. फ्लूपुरतं तर तेवढंही थांबायची गरज नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही, ती आईलाच द्यावी लागते, आणि स्वाईन फ्लूनंतर राज्याने गरोदर बायकांना ती मोफत दिलेली आहे. गर्भवतीच्या तपासणीत धनुर्वाताच्या इंजेक्शनसारखी ती नेमाने का मिळू नये?

इंजेक्शन कोणत्या महिन्यात, हे ठरवायला इथलाच हंगाम कळायला हवा. उत्तर भारतात आरएसव्ही हिवाळ्यात चढतो. ते वेळापत्रक उचलून विदर्भावर लादता येणार नाही. मेयो आणि एम्समध्ये कोविडात पीसीआरची सोय झालीच आहे. नवजात कक्षात दाखल होणाऱ्या प्रत्येक धापेच्या बाळाचा नाकाचा एक स्वॅब वर्षभर तपासला आणि महिन्यागणिक आकडा जाहीर केला, तर नव्या विषाणूचं नाव ऐकून होणारी धावाधावही थांबेल.

घरात करायचं फार नाही. आरएसव्ही टेबलावर, दाराच्या कडीवर काही तास टिकतो आणि हातातून बाळाच्या नाकाडोळ्यांत जातो, म्हणून बाळ घ्यायच्या आधी साबणाने हात. सर्दी झालेली आत्या बारशाला आली तरी नाव लांबूनच ठेवू दे. ओठावर 'जर' (हर्पिसचे फोड) उठलेल्या कुणीही पापा घ्यायचा नाही. आईलाच सर्दी असेल तर मास्क लावून पाजायचं, पाजणं बंद करायचं नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: सगळं आशांवर ढकलता, त्यांच्याकडे आधीच कामांची रास आहे. एका नवजाताच्या सहाही भेटी पूर्ण केल्यावर आशाला केंद्राच्या कार्यक्रमातून मिळतात २५० रुपये, म्हणजे एका भेटीचे बेचाळीसही नाहीत. एवढ्या पैशात साठ सेकंद दोनदा मोजणं, पाय चोळून प्रोब लावणं, लहर स्थिर होईपर्यंत थांबणं आणि गरज पडली तर गाडी बोलावून बाळासोबत जाणं मागायचं, तर दर आधी वाढवायला लागेल. डिसेंबरात अधिवेशनासाठी अख्खं सरकार नागपुरात असतं. पुरवणी मागण्यांत व्हेंटिलेटरच्या ओळीच्या वर तीन ओळी मांडता येतात: आशांचा गृहभेटीचा दर, दर उपकेंद्राला बाळाचा प्रोब, दर प्राथमिक केंद्राला नवजाताच्या प्रॉन्ग आणि तपासलेला कॉन्सन्ट्रेटर. देशाच्या 'सांस' मोहिमेने २०१९ मध्ये ठरवलं होतं की हजार जिवंत जन्मांमागे न्यूमोनियाचे बालमृत्यू २०२५ पर्यंत तीनच्या खाली आणायचे. मुदत संपली आहे. आपल्या जिल्ह्याचा आकडा किती आला, हे आरोग्य खात्याने त्याच अधिवेशनात तालुकावार सभागृहापुढे ठेवावं, वॉर्डातले मृत्यू वेगळे आणि वाटेतले वेगळे.